शेजारचा संगणक गप्प का बसतो?

एकाच टेबलावर दोन संगणक, दोन्ही एकाच राउटरला जोडलेले. एकावरून दुसऱ्याला पिंग केलं की पडद्यावर चार ओळी येतात आणि चारही ओळी सांगतात की वेळ संपली, उत्तर आलं नाही. आता त्याच काळ्या खिडकीत एआरपीचा तक्ता मागवून पाहा. विंडोजवर आणि मॅकवर ‘एआरपी डॅश ए’, लिनक्सवर ‘आयपी नेबर’. ज्यानं आत्ताच उत्तर दिलं नाही त्याच संगणकाचा आयपी पत्ता तिथे असतो आणि त्याच्यासमोर त्याच्या नेटवर्क कार्डाचा सहा बाइटांचा हार्डवेअर पत्ताही. हा दुसरा पत्ता आपल्या संगणकाला कुणी सांगितला? त्या गप्प संगणकानंच. पिंग निघण्याच्या क्षणभर आधी.

नेटवर्कच्या दुनियेत मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. फायरवॉल लावलेल्या संगणकानं कितीही मौन पाळलं, तरी आपलं अस्तित्व त्याला शेजाऱ्यापासून लपवता येत नाही. याचं मूळ डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहिलेल्या ‘आरएफसी ८२६’ या, एआरपीची रीत ठरवून देणाऱ्या, छोट्या दस्तऐवजात आहे. इथरनेटवरून किंवा वायफायवरून काही पाठवायचं तर पलीकडच्या कार्डाचा हार्डवेअर पत्ता लागतो, आणि आपल्याजवळ असतो फक्त आयपी पत्ता. म्हणून संगणक सगळ्यांना ऐकू जाईल असा प्रश्न विचारतो: १९२.१६८.१.१० हा पत्ता कोणाचा? ज्याचा असेल तो उत्तर देतो. फायरवॉल तपासते ती आयपीची पॅकेटं. हा संवाद आयपीच्या खालच्या थरात होतो. तो बंद करूनही चालत नाही, कारण राउटरही हाच प्रश्न विचारत असतो आणि त्याला उत्तर मिळालं नाही तर त्या संगणकाचं इंटरनेटच थांबेल. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत हेच काम आयसीएमपीच्या, म्हणजे पिंग ज्यांतून चालतो त्याच जातीच्या, संदेशांमधून होतं, म्हणजे ते फायरवॉलच्या टप्प्यात येतं. पण तिथेही हे संदेश सोडावेच लागतात. सगळं आयसीएमपी सरसकट अडवणारा माणूस आपल्याच संगणकाला शेजाऱ्यांपासून तोडून टाकतो.

एखादं मध्यम मुद्रणालय डोळ्यांसमोर आणा. बिलं आणि हिशेब विंडोजवर, पुस्तकांची पानं मॅकवर लागतात, आणि कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर उबंटू घालून सगळ्या फाइली तिथे ठेवलेल्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी छोट्या कचेऱ्यांत असाच संमिश्र संसार असतो. एके दिवशी मॅकवरून विंडोजचं फोल्डर उघडत नाही, किंवा विंडोजवरून उबंटूचं. मग सगळे एकच वाक्य बोलतात: ‘कनेक्ट होत नाहीये.’ मला सांगायचंय ते एवढंच, की हे वाक्य अपुरं आहे. कनेक्ट न होण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येक तऱ्हा काही तरी साक्ष देते. ती ऐकायची सवय लागली की बंद पडलेलं नेटवर्क आपणहून बोलू लागतं.

पहिला फरक पिंगच्या उत्तरातच सापडतो. स्थानिक नेटवर्कवर विंडोज दोन वेगळी वाक्यं दाखवतं. एक, विनंतीची वेळ संपली. दुसरं, ठिकाणापर्यंत पोहोचता येत नाही. हे दुसरं वाक्य नीट वाचा. ते ज्या पत्त्यावरून ‘आलं’ असं लिहिलेलं असतं तो पत्ता बहुतेक वेळा आपल्याच संगणकाचा असतो! आपला संगणक आपल्यालाच कळवतो आहे की ‘हा पत्ता कोणाचा’ असं विचारलं, पण कोणीच ‘माझा’ म्हणालं नाही. म्हणजे समोरचं यंत्र बंद आहे, केबल निघाली आहे, पत्ता बदलला आहे, किंवा ते वायफायच्या पाहुण्यांसाठीच्या जाळ्यात अडकलं आहे, जिथे राउटर एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलूच देत नाही. पहिलं वाक्य, वेळ संपल्याचं, अगदी निराळी गोष्ट सांगतं: पत्त्याचा मालक सापडला, पॅकेट त्याच्याकडे रवाना झालं, पण तो बोलला नाही. फायरवॉलवर संशय घ्यायचा तो इथे.

पिंग हा कार्यक्रम माइक म्युस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी सैन्याच्या मेरीलँडमधल्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत लिहिला. एका संध्याकाळचं काम ते. नेटवर्क नीट चालत नव्हतं, त्याचा दोष शोधायचा होता, एवढंच निमित्त. आज तो जवळपास प्रत्येक संगणकावर आहे. त्याच्या उत्तरात टीटीएल नावाचा एक आकडाही असतो आणि मिश्र नेटवर्कात तो मोठा बोलका ठरतो: लिनक्स आणि मॅक आपलं पॅकेट ६४ या आकड्यापासून सुरू करतात, विंडोज १२८ पासून. मध्ये राउटर ओलांडायचा नसल्यानं हा आकडा तसाच पोहोचतो. म्हणजे पलीकडे कुठली प्रणाली बसली आहे हे तिनं न सांगताच कळतं. पत्ते आपापसांत बदलले गेले असतील आणि आपण भलत्याच यंत्राशी बोलत असू, तर ते इथेच उघडं पडतं.

मात्र पिंगवर सगळी भिस्त ठेवू नये. बाहेरून आलेल्या पिंगला उत्तर देण्याचा नियम विंडोजमध्ये सुरुवातीला बंद असतो. फाइल शेअरिंग चालू केलं की त्याच्याबरोबर तोही उघडतो. उबंटूची ‘यूएफडब्ल्यू’ ही फायरवॉल याच्या उलट: ती चालू केली तरी पिंगला उत्तर मिळत राहतं आणि बाकीची पोर्टं, म्हणजे निरनिराळ्या सेवांची क्रमांक दिलेली दारं, मात्र मुकाट होतात. पिंग येतो म्हणून वाट मोकळी आहे असं नाही, आणि पिंग येत नाही म्हणून फोल्डर उघडणार नाही असंही नाही. खरी कसोटी त्या ठरावीक पोर्टावरच घ्यायची. विंडोज २००० पासून फाइल शेअरिंग ४४५ या पोर्टावरून थेट चालतं. विंडोजवर ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ला, मॅक आणि लिनक्सवर ‘नेटकॅट’ला तो पोर्ट सांगून विचारता येतं.

आणि उत्तर येतं ते तीन प्रकारचं. जोडणी झाली, तर प्रश्न मिटला. नकार आला, तर टीसीपीच्या नियमानुसार पलीकडच्या संगणकानं स्वतः एक छोटं पॅकेट पाठवून सांगितलं आहे की या पोर्टावर ऐकायला कोणी बसलेलं नाही. हा नकार एका क्षणात येतो. तारेतून विद्युत्-संकेत दहा मीटर अंतर साधारण ५० नॅनोसेकंदांत कापतो. सगळा व्यवहार एक मिलिसेकंदाच्या आसपास आटोपतो. तिसरा प्रकार मौनाचा. इथे आपला संगणक जे करतो ते मला फार हृद्य वाटतं. तो हार मानत नाही. लिनक्सची कित्येक वर्षं ठरलेली रीत अशी होती: पहिल्या सेकंदानंतर पुन्हा हाक, मग तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या, एकतिसाव्या आणि त्रेसष्टाव्या सेकंदाला. दर वेळी आधीच्या दुप्पट थांबायचं, कारण कदाचित वाटेत गर्दी असेल आणि ती आपल्यामुळे वाढू नये. १२७ सेकंद झाल्यावर तो थांबे आणि आपल्याला कळवे की वेळ संपली. विंडोज वीसेक सेकंदांतच आशा सोडतं. मॉनिटरकडे पाहताना घड्याळाकडेही एक नजर ठेवली, तर नकार की मौन हे संदेश वाचण्याआधीच समजतं.

नकार मिळाला असेल तर बहुधा फायरवॉल निर्दोष असते. सेवा सुरूच नसते, किंवा सुरू असूनही ती फक्त १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर ऐकत असते. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस मुळात असाच ठेवलेला असतो. त्याच संगणकावर बसून तपासलं तर सगळं झकास चालतं, आणि शेजारून विचारलं तर तत्काळ नकार. माणसं तासन्‌तास फायरवॉलचे नियम उलटेपालटे करत बसतात आणि दोष असतो सेवेच्या सेटिंगमधल्या एका ओळीत.

पण एक नकार फसवा असतो. फेडोरा आणि रेड हॅट या लिनक्सांवर ‘फायरवॉलडी’ असते. ती गप्प बसत नाही. आयसीएमपीचा संदेश पाठवून सांगते की इथे यायला व्यवस्थापकाची मनाई आहे. ही तिची सभ्यताच म्हणायची. पण आपल्या बाजूचा लिनक्स हा संदेश ज्या शब्दांत दाखवतो त्याचा अर्थ होतो, ‘यंत्रापर्यंत जायला रस्ता नाही.’ रस्ता तर आहे! पॅकेट थेट दारापर्यंत जाऊन परत आलं आहे. पिंग चालतो, एआरपी चालतं, आणि पोर्टावर ‘रस्ता नाही’ हे वाक्य क्षणात येतं, असं चित्र दिसलं की केबल आणि राउटर तपासण्यात वेळ घालवू नका. ती फायरवॉल बोलते आहे. विंडोजच्या फायरवॉलची तऱ्हा आणखी वेगळी. ज्या पोर्टावर कोणीच ऐकत नाही तिथेही ती नकार बाहेर जाऊ देत नाही, म्हणजे ‘अडवलं’ आणि ‘आत कोणी नाही’ ही दोन्ही उत्तरं बाहेरून सारखीच, निःशब्द. तिथे त्या संगणकावर जाऊन ‘नेटस्टॅट’नं कोण कुठे ऐकतंय ते पाहण्यावाचून इलाज नाही.

आता एक कोडं. विंडोजवरून उबंटूचं फोल्डर सहज उघडतं, पण उबंटूवरून विंडोजचं उघडत नाही. तार तीच, पॅकेटं दोन्ही दिशांनी धावतात. विंडोजची फायरवॉल बाहेरून येणारं अडवत असेल, तर उबंटूकडून येणारी फाइल आत कशी शिरली?

फायरवॉलला स्मरणशक्ती असते, हे त्याचं उत्तर. आतून एखादी जोडणी बाहेर निघाली की ती नोंद करते: कुठला पत्ता, कुठला पोर्ट, पलीकडचा पत्ता, पलीकडचा पोर्ट, कुठला प्रोटोकॉल. मग बाहेरून येणारं प्रत्येक पॅकेट या नोंदींशी ताडून पाहते. वाड्यातल्या कोणी हाक मारून बोलावलेल्या भाजीवालीला दिंडीतून आत घेतात, आपणहून आलेल्या फेरीवाल्याला बाहेरच थांबवतात, तसाच हा हिशेब. अडवणूक पॅकेटाच्या दिशेवर ठरत नाही. संभाषण आधी कोणी सुरू केलं यावर ठरते. १९८० च्या दशकाच्या अखेरीच्या पहिल्या फायरवॉली प्रत्येक पॅकेटाकडे सुटंसुटं पाहत, मागचं काही आठवत नसत. पुढे ही स्मृती आली आणि १९९० च्या दशकात तिनं फायरवॉलचं रूपच पालटलं. लिनक्समध्ये ती २००१ च्या जानेवारीत २.४ या आवृत्तीबरोबर रस्टी रसेल यांच्या नेटफिल्टरमधून आली. तिथे स्थिर झालेल्या टीसीपी जोडणीची नोंद एकही पॅकेट न येता ४,३२,००० सेकंद, म्हणजे पूर्ण ५ दिवस जपली जाते. यूडीपीसारख्या सुट्या संदेशांची नोंद मात्र ३० सेकंदांत पुसली जाते.

ही स्मृती एका ठिकाणी तोकडी पडते आणि तिथूनच ‘नेटवर्कमध्ये दिसतच नाही’ ही तक्रार जन्माला येते. शेजारी कोण कोण आहे हे शोधताना संगणक एका ठरावीक यंत्राला विचारत नाही. तो २३९.२५५.२५५.२५० किंवा २२४.०.०.२५१ अशा सामूहिक पत्त्यावर प्रश्न टाकतो. पहिला विंडोजच्या शोधाचा, दुसरा मॅकच्या बाँजूर या शोधसेवेचा. उत्तर मात्र येतं एखाद्या खऱ्या यंत्राच्या स्वतःच्या पत्त्यावरून. फायरवॉल वही उघडते: आपण तर २३९ वाल्याशी बोललो होतो, हा १९२.१६८.१.२० कोण? आणि उत्तर फेकून देते. विंडोजच्या फायरवॉलमध्ये या पेचासाठी खास सवलत आहे. सामूहिक प्रश्न बाहेर गेल्यावर ३ सेकंदांपर्यंत येणारी उत्तरं ती आत घेते, त्यानंतरची नाही. तीन सेकंदांच्या त्या फटीतून आपल्या खिडकीतली शेजाऱ्यांची चित्रं आत येतात!

त्यामुळे चित्र दिसलं नाही म्हणून खचून जाऊ नये. फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन थेट आयपी पत्ता लिहा. फोल्डर उघडलं तर फायरवॉल आणि शेअरिंग दोन्ही ठीक आहेत. फक्त ओळख करून देणारी सेवा गप्प आहे. २०१७ च्या शरदातल्या विंडोज १० पासून फाइल शेअरिंगची जुनी एसएमबी-१ ही पद्धत मुळात घातली जात नाही, तिच्याबरोबर शेजाऱ्यांची जुनी यादीही गेली, आणि लिनक्सवर विंडोजशी फाइल शेअरिंग सांभाळणारा सांबा एकटा विंडोजची नवी शोधभाषा बोलत नाही. त्यासाठी उबंटूवर वेगळी छोटी सेवा चालवावी लागते. मॅकवर २०२४ च्या सेक्वोयापासून आणखी एक पायरी वाढली आहे: प्रत्येक ॲपला स्थानिक नेटवर्क पाहण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती नाकारली गेली असेल तर फायरवॉल पूर्ण बंद करूनही त्या ॲपला शेजारी दिसणार नाही.

नियम लिहायला बसलं की मिश्र नेटवर्काचं खरं वैचित्र्य समोर येतं. लिनक्सची आयपीटेबल्स नियमांची यादी वरून खाली वाचते आणि जो नियम पहिल्यांदा लागू पडेल त्याचा निर्णय अंतिम मानते. मॅकच्या पोटात ‘पीएफ’ नावाची फायरवॉल आहे. डॅनियल हार्टमायर यांनी ती २००१ मध्ये ओपनबीएसडीसाठी लिहिली आणि तिचा कायदा नेमका उलटा: सगळी यादी वाचायची आणि शेवटी लागू पडलेला नियम खरा. विंडोजला क्रमाशी देणंघेणंच नाही. तिथे मनाई नेहमी परवानगीवर मात करते, ती यादीत कुठेही असो. एकच इच्छा, ‘४४५ वर मॅकला येऊ द्या’, तीन यंत्रांवर तीन निरनिराळ्या न्यायपद्धतींतून पार पडते. माणसांनी एकाच प्रश्नाला दिलेली ही तीन उत्तरं, आणि तिन्ही तर्काला धरून आहेत, याचं मला राहून राहून कौतुक वाटतं.

विंडोजच्या त्या कायद्यामुळे एक जखम वर्षानुवर्षं भरत नाही. नवा कार्यक्रम पहिल्यांदा नेटवर्कवर ऐकायला बसतो तेव्हा विंडोज विचारतं, परवानगी द्यायची का? घाईत असलेला माणूस ‘रद्द’ दाबतो. त्याला वाटतं, आपण काहीच ठरवलं नाही. विंडोज मात्र त्या क्षणी त्या कार्यक्रमासाठी मनाईचे नियम लिहून ठेवतं, टीसीपीसाठी एक आणि यूडीपीसाठी एक. सहा महिन्यांनी कोणी तरी रीतसर परवानगीचा नियम घालतो, पुन्हा घालतो, पोर्ट बदलून घालतो. काहीही उपयोग होत नाही, कारण मनाई जिवंत आहे. परवानगी वाढवत बसण्याआधी येणाऱ्या जोडण्यांच्या यादीत त्या कार्यक्रमाच्या नावाचा मनाईचा नियम शोधा आणि तो काढा. लिनक्सवर हाच घोटाळा वेगळ्या वेषात येतो: मनाईची ओळ वर, परवानगीची तिच्या खाली, म्हणजे तिथवर वाचन पोहोचतच नाही.

‘कोणी काहीच बदललं नाही, तरी बंद पडलं’ हे वाक्यही तुम्ही ऐकलं असेल. त्यामागे अनेकदा राउटर असतो. जुना बिघडला, नवा आला, वायफायचं नाव आणि पासवर्ड तेच ठेवले. माणसांच्या लेखी नेटवर्क तेच. पण विंडोज नेटवर्क ओळखतं ते मुख्यतः राउटरच्या हार्डवेअर पत्त्यावरून, त्याच एआरपीतून मिळालेल्या सहा बाइटांवरून. ते बदलले की विंडोजच्या लेखी आपण परक्या गावात आलो. ते हे नेटवर्क ‘सार्वजनिक’ ठरवतं आणि ‘खासगी’ नेटवर्कासाठी उघडलेले सगळे नियम निजतात. दोन संगणक थेट एका केबलनं जोडले तर राउटर नसतोच, मग विंडोज त्याला ‘अनोळखी नेटवर्क’ म्हणतं आणि पुन्हा सार्वजनिकच धरतं. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क खासगी करायला काही सेकंद लागतात. त्याचा विचार मनात यायला कधी कधी आठवडा जातो. दुसरा राउटर वायफाय वाढवायला जोडला असेल तेव्हाही असंच काही होतं. काही यंत्रं १९२.१६८.०.x मध्ये जातात आणि काही १९२.१६८.१.x मध्ये. विंडोजचे शेअरिंगचे खासगी नियम फक्त आपल्या उपजाळ्यापुरते असतात, त्यामुळे शेजारी परका ठरतो.

इतकं करूनही उलगडा झाला नाही तर तारेवरचं बोलणं ऐकायचं. ‘टीसीपीडंप’ हे साधन १९८८ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी घडवलं. जेराल्ड कोंब्स यांचं वायरशार्क १९९८ मध्ये वेगळ्या नावानं आलं. यांची जागा कुठे आहे ते कळलं की आनंदानं उडीच मारावीशी वाटते. लिनक्सवर आत येणारं पॅकेट टीसीपीडंपला फायरवॉलच्या आधी दिसतं आणि बाहेर जाणारं पॅकेट फायरवॉलच्या नंतर. म्हणजे ज्यावर फायरवॉल लगेच पाणी सोडणार आहे ते पॅकेटही आपण डोळ्यांनी पाहू शकतो. उबंटूवर ४४५ कडे कान लावा आणि मॅकवरून जोडणी सुरू करा. मॅकचं पहिलं पॅकेट येताना दिसलं आणि उत्तर निघताना दिसलं नाही, तर अडसर उबंटूच्याच आत आहे. पॅकेट आलंच नाही, तर दोष वाटेत किंवा मॅकमध्ये. तिथे एखादं व्हीपीएन चालू आहे का ते आधी पाहा, कारण त्यातली काही स्थानिक नेटवर्काचा मार्गच तोडतात. आलं, उत्तरही निघालं, आणि तरी मॅक वाट पाहत बसला, तर ते उत्तर पलीकडे अडलं. ज्या प्रश्नावर दिवसभर तर्क लढवले त्याचा निकाल एका पॅकेटानं लागतो.

खुद्द सांबाचा जन्म असाच ऐकण्यातून झाला. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या उन्हाळ्यात नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं पाहून, त्यांचा अर्थ लावत, फाइल शेअरिंगची ती भाषा बोलणारा सर्व्हर लिहिला. मुद्रणालयाच्या कोपऱ्यातला तो उबंटू आज विंडोजला आपलासा वाटतो तो त्या उन्हाळ्यामुळे.

आणि शेजाऱ्यावर एवढा संशय कशाला, असं वाटत असेल तर दोन तारखा आठवाव्यात. ११ ऑगस्ट २००३ च्या सुमारास ब्लास्टर हा किडा विंडोज एक्सपीच्या १३५ पोर्टातून पसरला. दुरुस्ती जुलैतच आली होती आणि एक्सपीमध्ये फायरवॉलही होती, पण ती मुळात बंद असे. कंपन्यांनी वेशीवर फायरवॉल बसवलेली असूनही किडा आत पोहोचत होता, कारण कोणी तरी घरी लागण झालेला लॅपटॉप कचेरीत आणून जोडत होता. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, एक्सपीची दुसरी सर्व्हिस पॅक आली आणि प्रत्येक यंत्राची फायरवॉल आपोआप चालू झाली. आपल्या टेबलावरचं मौन तेव्हापासूनचं. दुसरी तारीख १२ मे २०१७. वॉनाक्राय हा किडा ज्या पोर्टातून एका संगणकावरून शेजारच्या संगणकावर उडी मारत होता तो ४४५, म्हणजे आपण ज्यातून पुस्तकांची पानं पाठवतो तोच. ब्रिटनची सरकारी रुग्णालयं त्या दिवशी रुग्णांना परत पाठवत होती.

म्हणून तिढा सोडवताना फायरवॉल कायमची बंद करून मोकळं होण्याचा उपाय मला मान्य नाही. जे अडलं आहे तेवढंच उघडावं: उबंटूवर फक्त ४४५ पोर्ट, तोही फक्त १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसाठी. विंडोजवर नेटवर्क खासगी आणि शेअरिंगचे तयार नियम चालू. मॅकवर त्या एका ॲपला परवानगी. विंडोजच्या फायरवॉलमध्ये टाकून दिलेल्या पॅकेटांची नोंद ठेवण्याची सोय आहे, ती मुळात बंद असते. ती आजच चालू करून ठेवा, पुढच्या वेळी कोणाचं पॅकेट कधी अडलं ते त्या फाइलीत लिहिलेलं सापडेल. आणि केवळ चाचणीपुरती कुठल्या यंत्राची फायरवॉल बंद केली असेल, तर खुर्चीवरून उठण्याआधी ती पुन्हा चालू करा.